‘१४ जणांची सोय’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की भाड्याच्या व्हिलांच्या जाहिराती वाढतात. तरणतलावाचा फोटो आणि त्याखाली ‘१४ जणांची सोय’ अशी ओळ. हा आकडा बहुतेक ठिकाणी पलंग आणि जादा गाद्या मोजून काढलेला असतो. पण त्या १४ जणांना नुसते झोपायचे नसते. सकाळी वेळेत आंघोळी उरकायच्या असतात, एका पंगतीत जेवायचे असते, ओले टॉवेल कुठेतरी वाळत घालायचे असतात आणि पोरे सुखरूप राहायला हवी असतात. अशी घरे सज्ज करून देणे आणि चालवणे हेच आमचे काम. त्यावरून आमचे ठाम मत असे की, घराची क्षमता त्यातल्या सगळ्यात तोकड्या सोयीवरून ठरवावी आणि सजावटीचा खर्च करण्याआधी ती सोय वाढवावी.

गरम पाण्याचेच घ्या. २५ लिटरचा गिझर ६० अंशांवर लावला आणि नळाचे पाणी २० अंशांचे असले, तर आंघोळीजोगे ४० अंशांचे पाणी हिशेबाने ५० लिटर मिळते. प्रत्यक्षात टाकीत खालून गार पाणी शिरून मिसळत जाते, म्हणून ४० लिटरच धरावे. एवढ्यात बादलीने दोघांच्या आंघोळी होतात. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली हेच पाणी ५ मिनिटांत संपते. २ किलोवॅटच्या कॉइलला ती टाकी पुन्हा तापवायला सुमारे ३५ मिनिटे लागतात. एका बाथरूममागे चौघे असतील आणि सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायचे असेल, तर चौथ्याच्या वाट्याला गार पाणीच येणार. म्हणून चौघांमागे ८० ते १०० लिटरची टाकी हवी. ती बसवायला जागा नसेल तर निदान मिनिटाला ६ लिटर सोडणारा शॉवर लावावा आणि खाली बादली-मग ठेवावा.

टाकीचे तापमान वीज वाचवण्यासाठी ४५-५० अंशांवर उतरवण्याचा मोह टाळावा. अशी घरे मधेमधे रिकामी असतात आणि साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो. शॉवरच्या तुषारांवाटे तो फुप्फुसात जातो. टाकी ६० अंशांवर ठेवावी आणि पाहुणे येण्याआधी प्रत्येक नळ व शॉवर काही मिनिटे मोकळा सोडावा. मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, त्यामुळे टाकी आणि नळ यांच्यामध्ये थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात गार पाणी मिसळून तापमान ठरावीक ठेवणारी झडप) बसवून नळाचे तापमान ४५ अंशांच्या आत बांधून घ्यावे. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि आंघोळीला गेलेला माणूस मदतीसाठी हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो. असा गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवरच हवा. शिवाय घरात जिथे जिथे गॅस किंवा लाकूड जळते, तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा.

साठ्याचा हिशेब सोपा आहे: माणशी दिवसाला १५० लिटर धरले तर १४ जणांना २,१०० लिटर लागतात. पंप बिघडला किंवा टँकर उशिरा आला तरी निभावावे म्हणून दोन दिवसांचा साठा ठेवावा. हेच पाणी पुढे सेप्टिक टँकमध्ये जाते, याचा विचार फार थोडे मालक करतात. पाच-सहा जणांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या टाकीत १४ जणांचे पाणी लोटले की गाळ तळाशी बसायला वेळच मिळत नाही. तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो, खड्डा बुजतो आणि शनिवारी रात्री कमोड तुंबतो. मोठ्या गटांना घर द्यायचे असेल तर आधी ही टाकी वाढवावी. प्रत्येक कमोडशेजारी झाकणाची, पायाने उघडणारी कचरापेटी ठेवावी आणि वाइप्स, डायपर कमोडमध्ये टाकू नयेत अशी पाटी डोळ्यांच्या उंचीवर लावावी. पेटी नसेल तर नुसत्या पाटीचा उपयोग नाही.

विजेचाही असाच हिशेब मांडावा. पाच एसी प्रत्येकी दीड किलोवॅट, चार गिझर प्रत्येकी दोन, त्यावर इंडक्शन, किटली, वॉशिंग मशीन आणि पंप. बेरीज २० किलोवॅटच्या पुढे जाते. २३० व्होल्टची ४० अँपिअरची सिंगल फेज जोडणी जेमतेम ९ किलोवॅट पेलते. मग एमसीबी (भार जादा झाला की वीज तोडणारा खटका) पडत राहतो, आणि ‘जरा मोठा टाका’ म्हणून १६ किंवा २० च्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला जातो. भिंतीतली २.५ चौरस मिलिमीटरची वायर तीच राहते. आता एमसीबी पडत नाही, वायर तापते आणि तिचे आवरण वितळते. घराला आग लावणारी ही दुरुस्ती आहे. थ्री फेज जोडणी घेऊन भार वाटून द्यावा. तोवर गिझर टायमरवर टाकून पाळीपाळीने तापवावेत. बाथरूम, स्वयंपाकघर आणि तलावाच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ) हवीच, आणि तिचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वितरण पेटीवर प्रत्येक एमसीबीखाली ‘वरची उत्तरेकडची खोली, एसी’ असे स्पष्ट लिहिलेले असावे, म्हणजे अंधारात पाहुण्यांना सगळे खटके खालीवर करत बसावे लागणार नाही.

झोपण्याच्या व्यवस्थेबद्दल एकच आग्रह धरायचा तर तो जोडता-सोडवता येणाऱ्या सिंगल पलंगांचा. ९० सेंटिमीटरचे दोन पलंग क्लॅम्पने जोडून वर एक सलग टॉपर (पातळ गादी) अंथरला की जोडप्याला डबल मिळतो, आणि मित्रमंडळी आली की पलंग वेगळे करता येतात. सगळ्या खोल्यांत भलेमोठे किंग साइझ पलंग घातलेले घर गटांच्या कामाचे उरत नाही. एकमेकांशी जेमतेम ओळख असलेल्या सहकाऱ्यांना एका गादीवर झोपायला कोण सांगणार? दिवाणखान्यातला सोफा-कम-बेड क्षमतेत मोजूच नये. रात्री एकपर्यंत तिथे गप्पा चालतात आणि सकाळी सहाला कोणीतरी चहाला उठते, त्यामुळे तिथे झोपणाऱ्याला झोप अशी मिळतच नाही. जादा गाद्या किमान १० सेंटिमीटर जाडीच्या घ्याव्यात आणि हवा खेळेल अशा फळ्यांच्या मांडणीवर ठेवाव्यात, नाहीतर बंद कपाटात त्यांना बुरशीचा वास धरतो. प्रत्येक गादीवर धुता येणारे वॉटरप्रूफ कव्हर घालावे. चादरी-अभ्रे पलंगामागे तीन जोड: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. तलावाचे टॉवेल गडद रंगाचे आणि वेगळे ठेवले तर आंघोळीचे पांढरे टॉवेल फरशीवर पडत नाहीत. पलंगाच्या प्रत्येक बाजूला एक दिवा, त्याचा हाताशी येणारा खटका आणि एक प्लग पॉइंट एवढे तरी द्यावेच.

बंक बेड मुलांना आवडतो, फोटोतही छान दिसतो. पण तो लावताना वर मान करून पंखा कुठे आहे ते पाहा. वरच्या गादीवर उभ्या राहिलेल्या मुलाचा हात पात्यांपर्यंत पोहोचत असेल तर तो पलंग त्या खोलीत नको. वरच्या गादीला चारही बाजूंनी कठडा हवा, भिंतीच्या बाजूनेसुद्धा, कारण पलंग हळूहळू भिंतीपासून सरकतो आणि त्या फटीत मूल अडकते. गादी ठरवलेल्यापेक्षा जाड टाकली की कठड्याची उंची आपोआप कमी होते, हे सहसा ध्यानात येत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नये, हे पलंगावरच लिहिलेले असावे.

तान्ह्या बाळासाठी घडीचा पाळणा ठेवावा, त्यात सपाट आणि घट्ट गादी, उशी अजिबात नाही. जिन्याच्या वरच्या टोकाचे फाटक स्क्रूने बसवलेले हवे. दोन भिंतींमध्ये नुसत्या दाबाने अडकवलेले फाटक मुलाने रेटले तर मुलासकट खाली येते. गॅलरीच्या कठड्यात उभ्या गजांमधले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी असावे. आडव्या पट्ट्यांचे कठडे सध्या चलनात आहेत. मुलांसाठी ती शिडीच. असा कठडा असेल तर आतून काच किंवा ॲक्रिलिक लावून घ्यावे. कपाटे आणि टीव्हीचे स्टँड भिंतीला पट्टीने बांधावेत.

तलावाभोवती कुंपण नसेल तर लहान मुले असलेल्या कुटुंबांना ते घर देऊच नये, इतके आम्ही स्पष्ट म्हणू. कुंपण किमान १.२ मीटर उंच, आपोआप मिटणारे फाटक आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशी, फाटकाच्या उंच खांबावर, जमिनीपासून दीड मीटरवरची कडी. कुंपणाजवळ खुर्ची किंवा कुंडी ठेवू नये. त्यावर चढून मूल पलीकडे जाते. तलावाच्या तळाच्या निचऱ्याच्या जाळीकडे तर कोणाचे लक्ष जात नाही. पंप एकाच तोंडातून पाणी खेचत असेल आणि जाळी सपाट किंवा तुटकी असेल, तर पोहणाऱ्याचे अंग किंवा केस तिथे चिकटतात आणि मोठ्या माणसालाही ते सुटत नाही. अमेरिकेत एका मुलीच्या अशाच मृत्यूनंतर २००७ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला. उपाय दोन: फुगीर, शोषण-रोधक जाळी, आणि एकमेकांपासून किमान एक मीटरवर दोन निचरे. पंप बंद करण्याचा खटका तलावाजवळ ठळक खुणेसह असावा. पाण्यात मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ हवा. दहा-बारा जण तासभर खेळले की घाम आणि सनस्क्रीनमुळे क्लोरीन झपाट्याने उतरते, म्हणून गट आलेला असताना तपासणी सकाळ-संध्याकाळ करावी. पाण्याची खोली काठावर रंगाने लिहावी, आणि एक लांब बांबू व तरंगते कडे उघड्यावर टांगलेले असावे, कुलपात नव्हे.

जेवणाच्या टेबलाचे गणित माणशी ६० सेंटिमीटरचे. १४ जणांसाठी दोन्ही बाजूंना सहा-सहा आणि टोकांना एकेक, म्हणजे ३.६ मीटर लांबी. एवढे सलग टेबल जिन्यातून वर जात नाही. तेव्हा सारख्या उंचीची दोन टेबले जोडावीत. पाय कोपऱ्यांऐवजी मधोमध असतील तर कोणाचे गुडघे अडत नाहीत. खुर्च्यांमागे ९० सेंटिमीटर वाट सोडावी. ताटे, वाट्या, पेले माणसांच्या दुप्पट हवेत, कारण पहिली खेप धुऊन होण्याआधीच दुसरी वेळ येते. दहा-बारा लिटरची दोन पातेली, धार असलेल्या तीन सुऱ्या, मोठी विळी, चिरण्याचा बोर्ड आणि दोन किटल्या, इतके असले की स्वयंपाक अडत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी घरगुती शुद्धीकरण यंत्र पुरत नाही: त्यात ८-१० लिटर साठतात आणि १४ जणांना दिवसाला ४० लिटर लागतात. सोबत २० लिटरचे दोन जार ठेवावेत. अग्निशामक स्वयंपाकघराच्या दाराशी टांगावा, शेगडीच्या वर नाही; पेटलेल्या शेगडीवरून हात घालून तो काढणार कोण?

ज्येष्ठांसाठी तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून बाथरूम हवे. त्यात कमोडशेजारी भिंतीत पक्का ठोकलेला दांडा, न घसरणारी फरशी आणि रात्रभर जळणारा मंद दिवा. वायफाय, कॅरम, पत्ते यांबद्दल वेगळे सांगायला नको. फक्त २५-३० उपकरणे एका कोपऱ्यातल्या राउटरवर चालत नाहीत, प्रत्येक मजल्याला वायरने जोडलेला एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे उपकरण) द्यावा.

आणि खुंट्या. बाथरूममागे चौघे तर खुंट्या आठ: चार टॉवेलच्या, चार कपड्यांच्या, शिवाय मुलांसाठी दोन खालच्या उंचीवर. बाहेर उन्हात १५ मीटर दोरी. सर्वांत कमी खर्चाची ही सोय, आणि बहुतेक घरांत हीच नसते.

घरात कॅमेरे नकोत. घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने एप्रिल २०२४ अखेरपासून घरातील कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी घातली आहे. बाहेरच्या फाटकावर कॅमेरा असेल तर तोही जाहिरातीतच सांगावा.

आपल्या जाहिरात विभागाला आमची विनंती आहे की, व्हिलांच्या जाहिराती घेताना माणसांच्या आकड्यासोबत आणखी पाच गोष्टी मागाव्यात: दिवाणखाना सोडून, दार असलेल्या खोल्यांतल्या पलंगांची संख्या, बाथरूम किती, गिझरची एकूण लिटर क्षमता, जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या किती, आणि तलावाला कुंपण आहे की नाही. एका ओळीत मावणारी ही माहिती आहे. ती छापून आली तर कुटुंबांना फोन न करताच घर पारखता येईल.

आपले विश्वासू,
सुट्टीच्या घरांची व्यवस्था पाहणारे काही व्यवस्थापक