अजून नुसतीच धरून उभी असतेस का?

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर आईने विचारलं, "अजून नुसतीच धरून उभी असतेस, की काही करूही देतात?" तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं आणि "सांगते नंतर" म्हणून मी फोन ठेवला. ते नंतर म्हणजे हे पत्र. फोनवर दोन वाक्यं झाली की आई झोपेची चौकशी सुरू करते, म्हणून लिहूनच टाकते.

धरून उभं राहायचं ते रिट्रॅक्टर. पोट उघडलं की कड बाजूला ओढून धरायची, म्हणजे सरांना आतलं दिसतं. धरणाऱ्याला मात्र सरांचा खांदा दिसतो. आधीच्या ठिकाणी जवळपास दोन वर्षं मी हेच केलं. "बघून बघून हात बसतो" असं तिथले मोठे म्हणायचे. खोटं नाही ते, त्यांचे हात तसेच बसले. पण त्यांच्याकडे तास होते. इथे ब्रिटनमध्ये 2009 पासून ज्युनिअर डॉक्टरांना आठवड्याला सरासरी 48 तासांची मर्यादा आहे. अमेरिकेत 2003 पासून 80 तासांची. डोळे मिटत असलेल्या माणसाने कुणाच्या पोटात हात घालू नये, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तास घटले आणि शिकायचं मात्र घटलं नाही, उलट दुर्बिणीची ऑपरेशनं वाढली. म्हणून सगळे मागे लागलेत की हात लवकर कसा तयार होईल.

लवकर म्हणजे एका दमात, असं मलाही वाटायचं. आल्या आल्या दोन दिवसांचा कोर्स केला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते टाके. जाम खुशीत परतले. तीन आठवड्यांनी सुई हातात घेतली तर हात पुन्हा परके! इथल्या मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या आणि त्यांनी टोरांटोचा 2006 मधला प्रयोग सांगितला. 38 ज्युनिअर सर्जनना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. निम्म्यांना चारही पाठ एकाच दिवसात, निम्म्यांना आठवड्याला एक. शिकवणं तेच, वेळही तेवढाच. महिन्याभराने भूल दिलेल्या उंदराच्या महारोहिणीवर, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीवर, परीक्षा घेतली, तर आठवड्याला एक पाठ घेतलेले सरस ठरले. मधल्या दिवसांत आपण काही करत नसतो, पण डोकं करत असतं म्हणे. तेव्हापासून मी रोज वीस मिनिटं बसते. त्याहून जास्त नाही, अगदी जमत असलं तरी उठते.

त्या वीस मिनिटांत काय करते ते ऐका. एका हलक्या खोक्याच्या तळाला आतून हूक चिकटवलाय. खोक्यात हात घालून त्या हुकाला रेशमी दोऱ्याची गाठ मारायची. खोकं टेबलावरून तसूभरही उचललं गेलं तर गाठ बाद. पहिला फेरा एका दिशेने, दुसरा उलट्या दिशेने. दोन्ही एकाच दिशेने पडले की गाठ दिसते पक्की, पण सरकते. आणि दोरा वर ओढायचा नाही, तर्जनीच्या टोकाने गाठ खाली रेटत न्यायची. हे एवढं का घोकते, तर मागे एकदा खऱ्या ऑपरेशनमध्ये माझा हात वर गेला होता. बांधलेली शीर दोऱ्यातून निसटली आणि क्षणात खालचं सगळं लाल. सरांनी नुसतं बोट ठेवलं, शीर शोधून पुन्हा बांधली, एक शब्द बोलले नाहीत. पेशंटला काही झालं नाही. मला मात्र आठवडाभर ते बोट दिसत होतं. असले धडे खोक्यावर व्हावेत, माणसावर नाही, एवढंच या सगळ्या खटाटोपामागचं कारण. बाबा, तुम्ही आता सुश्रुताचं नाव काढणार, माहीत आहे. काढा, बरोबरच आहे, त्याच्या शिष्यांचा सरावही असाच: भोपळ्यावर छेद, कमळाच्या देठात वेध, मऊ चामड्यावर टाके.

दुर्बिणीच्या कामासाठी वेगळी पेटी आहे, आत कॅमेरा, बाहेर पडदा. पोटाच्या भोकातून जाणारी हत्यारं तरफेसारखी चालतात. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. सहा छोटे तुकडे एका बाजूच्या खुंट्यांवरून उचलायचे, हवेत दुसऱ्या हाताच्या चिमट्यात द्यायचे, पलीकडे लावायचे आणि तसेच परत आणायचे. पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली आणि दोन तुकडे पार कोपऱ्यात. आता दीड मिनिटाच्या आत येते. (सहा नंबरचा ग्लोव्ह घालणाऱ्या लहान हातांचा ही हत्यारं करणाऱ्यांनी कधी विचारच केलेला नाही, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.) पेटीतलं खऱ्या पोटात कामाला येतं का, अशी शंका मलाही होती. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 2002 साली हे तपासलं गेलं. 16 रेसिडेंट, त्यातल्या निम्म्यांना आधी कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर तयार केलं. मग पित्ताशय यकृतापासून सोडवताना त्यांना 29 टक्के कमी वेळ लागला, आणि भलतीकडे चटका देण्यासारख्या चुकाही त्यांच्या कितीतरी कमी झाल्या.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. इथे प्रत्येक ऑपरेशन लॉगबुकात टाकावं लागतं, आणि आपण नेमकं काय केलं तेही: फक्त मदत, सर हात धुऊन शेजारी उभे असताना केलं, की सर नुसते थिएटरमध्ये हजर असताना. माझं पान अजून मदतीनेच भरलंय. पण गेल्या महिन्यापासून सर ऑपरेशनचे तुकडे करून देतात. सगळं हर्निया नाही, नुसती त्यात आधाराला लावायची जाळी शिवणं. ते नीट झालं की पुढच्या वेळी त्याच्या आधीची पायरी. गुरुवारी जाळी शिवताना त्यांनी हात मागे घेऊन छातीशी धरले आणि शेवटपर्यंत पुढे आणले नाहीत. लॉगबुकात त्याला वेगळा रकाना नाही.

तर आई, धरून उभी असतेच, पण नुसती नाही. आणि माझ्या घड्याळाने रात्री नऊ ते नऊ वीस फोन करू नकोस. दोन्ही हात खोक्यात असतात.

तुमची,
सोनू