थकबाकीचे व्याज कोणी मोजायचे?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या सोसायटीच्या देखभाल बिलांचा, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधला कोड सवडीने वाचला. बिले वेळेवर निघत आहेत, त्यामुळे सगळे मोडून नव्याने लिहिण्याची काही गरज नाही. कोड वेगवेगळ्या थरांत कसा लावावा, असे तू विचारले आहेस. पण फोल्डरांची नावे ठरवण्याआधी, थकबाकीवरचे व्याज तुझ्या ॲप्लिकेशनमध्ये नेमके कोण मोजते, याचा शोध घे.

आज ते तिघे मोजतात: बिलाचे पान दाखवणारा व्ह्यू, पीडीएफचे टेम्प्लेट (मांडणीचा साचा) आणि रात्री स्मरणपत्रे पाठवणारा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम). व्ह्यू पूर्ण महिने धरतो, तर क्रॉन जॉब दिवस मोजून ३६५ ने भागतो, त्यामुळे एकाच सभासदाला पानावर एक रक्कम दिसते आणि ईमेलमध्ये दुसरी. शिवाय २१ हा आकडा तिन्ही ठिकाणी हाताने लिहिलेला आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) २१ टक्के ही सरळव्याजाची कमाल मर्यादा दिली आहे; प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभा ठरवते. उद्या सभेने तो १२ वर आणला, तर तुला तिन्ही फाइली आठवून बदलाव्या लागतील, आणि त्यातली एखादी हमखास राहून जाईल.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका शोधनिबंधात दाखवले होते की काम ज्या क्रमाने घडते त्या क्रमाने प्रोग्रामचे तुकडे पाडू नयेत. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एकेका भागात झाकून ठेवावा. थरांच्या बाबतीत मला हाच निकष सर्वांत उपयोगी वाटतो. तुझ्याकडे व्याजाचा दर सभा बदलते, पानाची मांडणी सेक्रेटरींच्या आवडीप्रमाणे बदलते आणि माहितीची साठवण एसक्यूलाइट या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेली की बदलते. बदलाची कारणे तीन आहेत, म्हणून थरही तीन पुरेत: वर पान दाखवणारा, मध्ये व्याजासारखे नियम सांभाळणारा आणि खाली माहिती साठवणारा.

मधल्या थरात व्याजाचे एकच फंक्शन असू दे. त्याला मुद्दल, देय तारीख, आजची तारीख आणि दर एवढेच द्यावे आणि त्याने रक्कम परत करावी. वेब रिक्वेस्ट काय असते किंवा डेटाबेस कुठे आहे, हे त्याला ठाऊकही नसावे. आजची तारीख बाहेरून देण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण फंक्शन स्वतःच घड्याळ पाहू लागले, तर आज पास झालेली टेस्ट (कोडची आपोआप होणारी तपासणी) पुढच्या महिन्यात विनाकारण फेल होते. रक्कम फ्लोटमध्ये (अंदाजे दशांशात) न ठेवता डेसिमलमध्ये (अचूक दशांशात) ठेव, नाहीतर पैशांच्या फरकावरून ऑडिटर तुझे डोके खातील.

पावती नोंदवण्याचा भाग याहून नाजूक आहे. तुझा व्ह्यू आधी पावती सेव्ह करतो, मग सभासदाला मेल पाठवतो आणि शेवटी थकबाकी कमी करतो. वेगळे काही सांगितले नाही, तर जँगो प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) लगेच कायम करते. म्हणजे मेल सर्व्हर अडला, तर पावती राहते आणि थकबाकीही तशीच राहते. पावती आणि थकबाकी या दोन्ही नोंदी मधल्या थरातल्या एका फंक्शनमध्ये, एकाच ट्रान्झॅक्शनच्या (एकतर सगळे कायम होते, नाहीतर काहीच नाही, अशा गटाच्या) आत ने, आणि ते कायम झाल्यावरच मेल पाठव. तीच पावती दुसऱ्यांदा आली, तर या फंक्शनने आपली स्वतःची एरर उठवावी. तिचे ४०९ (आधीच्या नोंदीशी विरोध आहे, असे ब्राउझरला सांगणारा एचटीटीपीचा आकडा) करायचे काम व्ह्यूचे. क्रॉन जॉबला एचटीटीपीच्या आकड्यांशी काय देणेघेणे?

टेम्प्लेटही वाटते तितके निरागस नाही. फ्लॅटच्या यादीत तू प्रत्येक ओळीत मालकाचे नाव मागतोस, तेव्हा ओआरएम (पायथनच्या कोडवरून डेटाबेसच्या क्वेरी बनवणारा जँगोचा भाग) गुपचूप डेटाबेसकडे जाते. १८० फ्लॅट असले की १८१ क्वेरी होतात: यादीची एक आणि मालकांच्या १८०. ओआरएमची ‘सिलेक्ट रिलेटेड’ ही सोय वापरून हे काम एकाच क्वेरीत भागते, पण ती क्वेरी जिथे लिहायची ती जागा ठरलेली हवी आणि टेम्प्लेटच्या हाती तयार माहितीच पडायला हवी.

एका बाबतीत मात्र हात आखडता घे. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये काम करणारे आपले मित्र कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा वेगळा थर) अशी उतरंड प्रत्येक गोष्टीसाठी रचतात, आणि तिथे ती रुळलेलीही आहे. जँगोच्या ओआरएमवर आणखी एक रिपॉझिटरी चढवण्यात तुझ्या आकाराच्या ॲप्लिकेशनला काही लाभ मला दिसत नाही. सभासदांची यादी नुसती दाखवायची असेल, तर व्ह्यूने सरळ मॉडेलकडे (डेटाबेसच्या तक्त्याच्या पायथनमधल्या रूपाकडे) जावे. आलेला कॉल जसाच्या तसा पुढे ढकलण्यापलीकडे जे फंक्शन काही करत नाही, ते काढून टाकलेले बरे.

सुरुवात करताना गेल्या वर्षीची काही बिले घे आणि हिशेबनिसांनी मान्य केलेले त्यांतले आकडे टेस्टमध्ये उतरव. महिने धरायचे की दिवस, हे कमिटीकडून लेखी घे. तो निर्णय आपण प्रोग्रामरांनी परस्पर करायचा नाही. मग व्याजाचे फंक्शन वेगळे काढ आणि तिन्ही जागी तेच वापर. ते स्थिरावले की नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाचे शुल्क) घे. तिथे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा पुन्हा टेम्प्लेटमध्येच लिहिलेली मला दिसली. पहिली ब्रँच (बदललेल्या कोडची वेगळी शाखा) तयार झाली की पाठव, मी रिव्ह्यू करतो.

तुझा,
मिलिंद