केसपेपरवरच्या ‘धर्म’ रकान्याचं पुढे काय होतं?

महोदय,

कर्करोगाच्या रुग्णांसाठी वाढीव खाटा, नवी यंत्रं यांच्या बातम्या आपण नेमाने छापता. त्या मागण्यांत आणखी एक जोडावी, म्हणून हे पत्र: रुग्णाच्या श्रद्धेचे प्रश्न ऐकून घेणारा एक माणूस वॉर्डात हवा. मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची वर्षं कर्करोगाच्या वॉर्डात गेली.

स्वरयंत्राचा कर्करोग झालेले एक वारकरी आजोबा होते. रेडिएशनसाठी (वॉर्डात सगळे ‘शेक’च म्हणतात) चेहऱ्या-मानेचा मास्क बनवायचा होता. टेक्निशियन सहज म्हणाला, “बाबा, गळ्यातली माळ काढून ठेवा.” आजोबा उठले, पिशवी उचलली आणि थेट गावी गेले. केसपेपरवर शेरा पडला, ‘रुग्णाचा उपचारास नकार’. शेकाला त्यांचा नकार नव्हताच, माळ उतरवायला होता. शेवटी मुलाने, ज्यांच्या हातून माळ घातली त्या महाराजांना फोन लावला. महाराज म्हणाले, शेक चालू आहे तोवर मनगटाला बांधा, पांडुरंगाचं काही म्हणणं नाही. आजोबा परत आले, पण तोवर उपचार लांबले होते. तो फोन रुग्णालयातून का गेला नाही? कारण ते कुणाचंच काम नव्हतं.

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर शौचाची पिशवी लागलेल्या एका मुस्लिम बाईंनी नमाज सोडली होती. आपण आता कायमच्या नापाक झालो, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. अशा आजाऱ्याला धर्मात सवलत आहे, हे कुणीही जाणता मौलाना पाच मिनिटांत सांगू शकला असता. आणि ‘मागच्या जन्मीचे भोग’ तर भेटायला येणारेच उशाशी बसून ऐकवतात, वर सोळा सोमवारही सुचवतात. रात्रपाळीला बायका आम्हाला विचारायच्या, “सिस्टर, मी कुणाचं काय वाईट केलं?” चाळीस खाटांमागे दोन सिस्टर असताना आम्ही सलाइन बघणार की याचं उत्तर शोधणार?

इंग्लंड-अमेरिकेतल्या रुग्णालयांत रुग्णाच्या श्रद्धेचे असे प्रश्न ऐकून घ्यायला चॅप्लेन नावाचा माणूस असतो. तो पूर्वी बहुधा ख्रिस्ती पाळकच असे. आज तिथे हिंदू, मुस्लिम, शीख, बौद्ध चॅप्लेन आहेत. इंग्लंडमध्ये देव न मानणाऱ्यांसाठीही तसा माणूस मिळतो. अमेरिकेत या प्रशिक्षणाचा एक टप्पाच ४०० तासांचा असतो, त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष रुग्णांसोबत जातो. आणि तिथे प्रवचन करायला शिकवत नाहीत, समोरच्याचं ऐकून घ्यायला शिकवतात.

हे खूळ पाश्चात्त्य आहे असं कुणी म्हणेल. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणपंथाच्या रुग्णांना सांभाळणारी संस्था, उघडलं. शरीराचं, मनाचं, घरच्या काळज्यांचं आणि श्रद्धेचं दुखणं वेगळं काढता येत नाही, ही त्यांची शिकवण. त्या आधी परिचारिका होत्या, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. पण आपल्याकडेही मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून मरणपंथाच्या रुग्णांना जात-धर्म न विचारता सांभाळतं आहे. मिशन दवाखान्यांमुळे पाळकही आपल्याकडे अनोळखी नाही. अडतं ते सरकारी वॉर्डात.

तिथे या नावाखाली बुवाबाजी शिरेल, धर्मांतर होईल, ही भीती मला खोटी वाटत नाही. खाटेवर खिळलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. म्हणूनच माणूस पगारी, प्रशिक्षित आणि नियमांनी बांधलेला हवा. स्वतःच्या धर्माचा प्रचार नाही, अंगारा नाही, औषध सोडायचा सल्ला नाही, दक्षिणा नाही. चमत्काराचे दावे करणाऱ्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. आज नियमांविना जे चालतं ते कुणाला दिसत नाही का? ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गणपतीचा फोटो असतो आणि भेटीच्या वेळेत ताईत विकणारेही वॉर्डात फिरून जातात.

केसपेपरवर धर्माचा रकाना आपण भरतो, पण त्यापुढे एक अक्षर विचारत नाही. कशाच्या आधारावर धीर धरता? त्याचा उपचारात काही अडथळा येईल का? कुणाला बोलवायचं का? एवढं तरी भरतीच्या दिवशी विचारावं, आणि ‘काही मानत नाही’ हे उत्तरही तितक्याच आदराने लिहून घ्यावं.

फक्त हे काम समाजसेवा अधीक्षकांच्या गळ्यात मारू नये. जनआरोग्य योजनेची कागदपत्रं आणि ट्रस्टांना मदतीची पत्रं यांतून ते डोकं वर काढू शकत नाहीत. मोठ्या शासकीय कर्करोग केंद्रांत निदान एकेक स्वतंत्र पद मंजूर करावं आणि त्या माणसाला डॉक्टरांच्या राउंडला सोबत फिरू द्यावं.

एक निवृत्त परिसेविका, मिरज