काठीची रेघ आणि तिच्यामागचं पिड्ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पॉपिलियस लेनासची गोष्ट वाचली. छान रंगवलीय, पण अर्धीच सांगितलीय आणि उरलेली अर्धी मला जास्त महत्त्वाची वाटते म्हणून हे पत्र, लांबलं तर कापा.

ज्यांचा लेख हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात. इ.स.पू. १६८, सीरियाचा राजा अँटायोकस चौथा इजिप्त गिळायला निघालेला, सायप्रस त्याच्या आरमाराने घेतलंय, आता अलेक्झांड्रिया फक्त चार मैलांवर. तिथं एल्युसिस नावाच्या जागी त्याला रोमचा वकील, म्हणजे दूत, पॉपिलियस भेटतो. राजा लांबूनच रामराम करून हात पुढे करतो तर हा हात देतच नाही, सिनेटचा ठराव पुढे धरतो, आधी हे वाच. ठरावात काय तर लढाई थांबव. राजा म्हणतो मंडळींशी मसलत करून सांगतो, तर हा बाबा हातातल्या वेलाच्या काठीने वाळूत राजाभोवती गोल रेघ मारतो आणि म्हणतो या रेघेच्या बाहेर पाय टाकायच्या आत उत्तर हवं. राजा क्षणभर गडबडतो आणि मान्य करतो. मग कुठे पॉपिलियस त्याचा हात हातात घेतो.

तुमच्या लेखकाने याला एका निधड्या माणसाची हिंमत म्हटलंय आणि वर 'रोमची लक्ष्मणरेषा' असं हेडिंग. अहो, लक्ष्मणाने रेघ मारली ती आतल्या माणसाला सांभाळायला, ही तर आतल्याला कोंडायला मारलेली, पण ते जाऊ दे.

माझा मुद्दा टायमिंगचा. पॉपिलियस रोमहून निघाला तो थेट इजिप्तला गेलाच नाही, वाटेत ग्रीसच्या समुद्रातल्या डेलॉस बेटावर थांबून राहिला. ते देवस्थानाचं बेट, तिथं शस्त्र उचलायचं नाही असा दंडक, त्यामुळे रोमन आणि मॅसिडोनियन दोन्हीकडचे खलाशी एकाच बेटावर एकमेकांकडे बघत फिरत होते, मजाच असणार. कशाची वाट बघत होता? ग्रीसच्या उत्तरेला मॅसिडोनियात रोमचं तिथल्या पर्सियस राजाशी तीन वर्षं युद्ध चालू होतं आणि सुरुवातीला रोमने चांगलाच मार खाल्ला होता. सगळी फौज तिकडे गुंतलेली असताना अँटायोकसला दम देऊन उपयोग काय, त्याने हसून सोडून दिलं असतं. मॅसिडोनियातल्या पिड्नाला रोमने पर्सियसला हरवल्याची बातमी आली तेव्हाच गडी जहाजात बसला, मधे पाच दिवस ऱ्होड्स बेटावर मुक्काम केला आणि मग इजिप्त. हे माझं डोकं नाही, त्या काळचा ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने तेव्हाच लिहून ठेवलंय की पर्सियसचा निकाल लागला नसता आणि अँटायोकसला त्याची खात्री पटली नसती तर त्याने हुकूम मानलाच नसता. हा पॉलिबियस पुढच्याच वर्षी ग्रीसमधून रोमला ओलीस म्हणून नेलेल्या हजार जणांतला एक, म्हणजे रोमचा हात किती लांब असतो ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता पिड्ना. लढाईच्या आदल्या रात्री चंद्राला ग्रहण लागलं. गायस सल्पिसियस गॅलस नावाच्या अधिकाऱ्याने रोमन सैनिकांना आधीच सांगून ठेवलं होतं की हा निसर्गाचा नेम आहे, घाबरू नका, असं रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो. पलीकडे मॅसिडोनियन छावणीत मात्र राजाला ग्रहण लागलं अशी कुजबुज. या ग्रहणामुळेच आपल्याला आज पक्की तारीख मिळते, २१ जूनची रात्र, कारण रोमन पंचांगात तेव्हा सप्टेंबर लागला होता, इतकं ते बिघडलेलं! दुसऱ्या दिवशी लढाई पेटली ती म्हणे एक सुटलेलं घोडं ओढ्यात शिरलं त्याच्या मागे धावताना. रोमन सेनापती ऐमिलियस पॉलस साठीचा, बाप कॅनीच्या लढाईत कार्थेजच्या हॅनिबलशी लढताना पडलेला, असा मुरलेला माणूस, पण मॅसिडोनियन भाल्यांची ती भिंत अंगावर येताना बघून आपण हादरलो होतो हे त्याने नंतर स्वतः कबूल केलं. सपाटीवर ती भिंत अभेद्य, पण जमीन उंचसखल लागली की फटी पडतात आणि आखूड तलवारीचा रोमन एकदा त्या फटीत घुसला की सहा मीटरच्या भाल्याचं करायचं काय? तासाभरात खेळ खलास. लिव्हीच्या हिशोबाने २० हजार मॅसिडोनियन मेले आणि रोमन शंभरच्या आत, जिंकणाऱ्याचा हिशोब आहे हे धरून वाचा.

पर्सियस म्हणजे धनावरचा नाग. शेजारच्या इलिरियाचा राजा गेंथियस याला साथ देण्यासाठी ३०० टॅलेंट (चांदीचं तेव्हाचं मोठं वजन) कबूल केले, दहा दिले, आणि त्याने रोमच्या वकिलांना अटक केली हे कळताच बाकीचे रोखून धरले, आता हा कुठे जातो म्हणून. गेंथियस महिन्याभरात आडवा झाला. डॅन्यूबकडून भाडोत्री घोडेस्वार आलेले, त्यांनाही पैशावरून परत लावलं. जपून ठेवलेलं ते सगळं सोनं शेवटी रोमच्या खजिन्यात गेलं आणि रोमन नागरिकांचा थेट कर पुढच्या वर्षापासून बंद झाला तो शंभरहून जास्त वर्षं. काठीच्या एका रेघेमागे एवढं सगळं उभं होतं. मॅसिडोनियाशेजारच्या एपिरसची सत्तर गावं लुटून रोमने दीड लाख माणसं गुलाम केली तेही पुढच्याच वर्षी, यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही.

ऱ्होड्सवाल्यांचं तर हसू येतं. त्यांचे वकील रोम आणि पर्सियसमध्ये मध्यस्थी करायला रोमला गेले आणि नेमकी पिड्नाची बातमी येऊन थडकली, मग काय, आलेलेच अभिनंदन करायला असं दाखवावं लागलं. सिनेट काही फसलं नाही, डेलॉस करमुक्त बंदर केलं, व्यापार तिकडे वळला आणि ऱ्होड्सचं बंदराचं उत्पन्न १० लाख द्राख्मांवरून (ग्रीक चांदीची नाणी) दीड लाखावर आलं.

आणि अँटायोकस? तोंडचा घास गेलेला राजा परत फिरला, पुढच्या वर्षी जेरुसलेमचं ज्यूंचं मंदिर त्याने बाटवलं, त्यातून मक्काबी या ज्यू घराण्याचं बंड पेटलं. मी अलिबागचा, म्हणून अँटायोकस हे नाव आमच्या ओळखीचं. आमच्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या एका परंपरेत त्यांचे पूर्वज याच राजाच्या छळातून पळाले आणि नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात बायका, सात पुरुष तेवढे वाचले. पुरावा कागदावर नाही, पण मक्काबींच्या विजयाचा हनुक्का सण त्यांच्यात पूर्वी पाळत नसत, त्यामुळे त्याआधीच निघाले असतील असं सांगतात. यांनाच आमच्याकडे शनिवारतेली म्हणायचे, तेलाचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, आमचे शेजारीच. त्यांची ही गोष्ट लेखात चौकटीत तरी यायला हवी होती.

जाता जाता, चित्राखाली 'इ.स. १६८' छापलंय, 'पू.' गळालाय. त्या एका अक्षराने ३३५ वर्षं पुढे गेलात, तेव्हा रोममध्ये मार्कस ऑरेलियस गादीवर होता. तेवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापा.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग