उंदरांच्या पिंजऱ्याचे तापमानही छापावे

संपादक महोदय,

वजन घटवणाऱ्या औषधांच्या बातम्या हल्ली आपल्या आरोग्यविषयक पानावर वारंवार येतात आणि आमच्या भुसावळ-जळगावकडे त्या आवडीने वाचल्या जातात. उंदरांची चरबी किती घटली हे त्यांत असते. पण ते उंदीर किती तापमानात ठेवले होते, हे सहसा नसते. चयापचय वाढवणाऱ्या औषधाच्या बाबतीत ही माहिती गौण नाही, कारण सगळा निष्कर्षच तिच्यावर फिरू शकतो.

प्रयोगशाळेची खोली साधारणपणे २० ते २२ अंश सेल्सिअसला ठेवतात. माणसाला ती सुखद वाटते, उंदराला मात्र थंड. ऊब टिकवण्यासाठी वेगळी ऊर्जा खर्चावी लागू नये, असे उंदराच्या भोवतालचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे २२ अंशांत तो तपकिरी चरबीच्या साहाय्याने सतत उष्णता निर्माण करत असतो. अशा प्राण्याला डायनायट्रोफेनॉल, म्हणजे डीएनपी, दिले तर काय होते? हे रसायन पेशींतील तंतुकणिकांमध्ये अन्नातील ऊर्जा वापरात येऊ न देता उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० अंशांत ठेवलेल्या उंदरांचा ऊर्जाव्यय त्याने वाढला आणि चरबी घटली. २२ अंशांत तो परिणाम दिसला नाही. शेगडी पेटली की माणूस पांघरूण बाजूला सारतो, तसे त्या उंदरांच्या शरीराने स्वतःची उष्णतानिर्मिती आवरती घेतली.

हे वाचून 'मग उष्ण प्रदेशात औषध अधिक गुणकारी' असा अर्थ कोणी काढू नये. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीराला उष्णता बाहेर टाकायला घामाच्या बाष्पीभवनाखेरीज मार्ग उरत नाही, आणि त्याच वेळी आतून जादा उष्णता निर्माण करणारे औषध घेणे जिवावर बेतू शकते. अमेरिकेत १९३० च्या दशकात वजन घटवण्यासाठी डीएनपी सर्रास घेतले गेले. शरीराचे तापमान बेसुमार वाढून माणसे दगावली, अनेकांना मोतीबिंदू झाला आणि १९३८ च्या कायद्यानंतर त्याची विक्री थांबली. त्यावर आजही उतारा नाही. तरीही पीळदार शरीराच्या नादी लागलेल्या तरुणांना ते इंटरनेटवरून चोरून विकले जाते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

सध्या गाजणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने मुख्यतः भूक कमी करून काम करतात, त्यामुळे त्यांना वरील तर्क जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र मळमळ, उलट्या, जुलाब हे त्यांचे परिचित दुष्परिणाम, विशेषतः डोस वाढवताना, जाणवतात. घामाने आधीच पाणी आणि क्षार कमी झालेल्या माणसाच्या मूत्रपिंडांवर त्यांचा ताण येऊ शकतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात डोस वाढवावा की पाऊस पडेपर्यंत थांबावे, हे रुग्णाने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि अशा बातमीसोबत आपणही हा प्रश्न छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भुसावळ (जि. जळगाव)