दुसऱ्या खोलीत फोन ठेवा म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला काम आणि घर यांच्या समतोलाचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं मधला एखादा परिच्छेद छापायचा राहिलाय, ज्यात हे सगळं जमवायचं कसं ते लिहिलं असेल. तसं काही नव्हतं. लेखिकाबाईंबद्दल मला आदर आहे, भाषा छान आहे, फोटोतला चहाचा कपही सुंदर आहे. पण सल्ले वाचून संपादकसाहेब हसू का रडू असं झालं.

"संध्याकाळी सातनंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा." आमच्याकडं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खोलीत आमच्या आत्ती टीव्ही बघतात (सासूबाई हो, आमच्याकडं आत्तीच म्हणतात), दुसरीत पोरगीचा अभ्यास, राहता राहिलं स्वयंपाकघर आणि सातनंतर तिथं मीच असते. मग फोन काय कुकरवर ठेवू? "रविवार फक्त कुटुंबासाठी राखून ठेवा." हे तर फारच झालं. आमचे मिस्टर गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत आहेत, त्यांची सुट्टी सोमवारी. विजेचा लोड वाटून घ्यायचा म्हणून एमआयडीसीला वेगवेगळे वार देतात त्यातला तो सोमवार. मी राजारामपुरीत एका सीएंच्या ऑफिसात 14 वर्षं अकाउंट्स बघते, माझी सुट्टी रविवारी. म्हणजे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 साली मिल कामगारांना भांडून मिळवून दिलेली रविवारची सुट्टी आमच्या घरात अर्धीच पोचली. मागं ते एल अँड टीचे अध्यक्ष म्हणाले होते ना, आठवड्याला 90 तास काम करा, घरी बसून बायकोकडं किती वेळ बघत बसणार, तेव्हा आमच्याकडं सगळे चिडले होते आणि मी एकटी हसत होते. कारण आमचे मिस्टर सोमवारी दिवसभर घरी बसून भिंतीकडं बघतात, बायको ऑफिसात असते! त्यांच्या आधी 2023 साली नारायण मूर्तींनी 70 तास सांगितले होते. हा आकडा असा वर वर चाललाय आणि आपल्या पुरवणीत मात्र "दहा मिनिटं बाल्कनीत शांत बसा". बाल्कनीत आमचं वॉशिंग मशीन आहे.

बरं, मला मुळात हे सांगायचं नव्हतं, मला त्या "नाही म्हणायला शिका" बद्दल लिहायचं आहे. कारण ते वाचून मला गेल्या वर्षीची, 2025 ची ललिता पंचमी आठवली आणि काल दिवसभर डोक्यातनं जाईना.

आपण कोल्हापूरचेच असल्यामुळं टेंबलाईचा कोहळा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. बाहेरगावच्यांसाठी एवढंच, नवरात्रात पंचमीला अंबाबाईची पालखी रुसलेल्या टेंबलाईला भेटायला तिच्या डोंगरावर जाते, तिथं कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळवायला झुंबड उडते. आत्तींचं वय 74, गुडघे गेलेत. दोन वर्षं म्हणत होत्या की एकदा पंचमीला मला टेंबलाईवर ने, पालखी बघायची आहे, आणि दोन्ही वर्षं मी पुढच्या वर्षी नक्की म्हणाले. कारण नवरात्र येतं सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख 30 सप्टेंबर, आमच्या धंद्यात हे दोन्ही एकाच पंगतीला बसतात. गणपतीत जीएसटी, नवरात्रात ऑडिट. यावेळी मात्र मी आठवडाभर आधी सरांना सांगून दोन तासाची सुट्टी घेतली, आणि वरनं पंचमीच्या आधीच बातमी आली की ऑडिटची मुदत 31 ऑक्टोबर केली. मी म्हटलं अंबाबाई पावली.

आत्ती सकाळपासून नऊवारी नेसून तयार, डोक्यात अबोलीचा गजरा. त्यांना माझ्या गाडीवर मागं बसवलं, पोरगी शेजारच्या काकींच्या गाडीवर, आणि गर्दी लागायच्या आत टेंबलाईच्या पायथ्याला पोचलो. गाडी लावली, आत्तींचा हात धरला आणि फोन वाजला. ऑफिसातनं. "मॅडम, अमक्या पार्टीचं डोंगल कुठं आहे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डिजिटल सहीचं डोंगल म्हणजे दिसायला पेनड्राइव्ह, पण ते लावल्याशिवाय पोर्टलवर सही होत नाही. मी पर्स उघडली. हळदीकुंकवाची पुडी, सुट्टे पैसे, आत्तींच्या गुडघ्याचं मलम आणि मधोमध ते निळं डोंगल! आदल्या दिवशी रात्री नऊ वाजता घाईत मीच टाकलेलं. त्या पार्टीला बँकेत सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) रिन्यू करायची होती, ऑडिट रिपोर्ट त्याच दिवशी पाहिजे होता, मुदत वाढली काय आणि न वाढली काय त्यांना काय फरक.

आता सांगा लेखिकाबाई, इथं "नाही" कुणाला म्हणायचं? सरांना? ते बिचारे स्वतः दुपारचा डबा साडेचारला खातात. त्या पार्टीला? त्याच्याकडं 30 कामगार आहेत, सीसी नाही झाली तर त्यांचा पगार अडकतो. म्हणून मी "नाही" म्हणाले आत्तींना. आत्तींना आणि पोरगीला काकींच्या हवाली केलं आणि गाडी वळवली. आत्ती काही बोलल्या नाहीत, फक्त गजरा नीट केला.

ऑफिसात पोचले, डोंगल लावलं आणि पोर्टल गोल गोल फिरत बसलं. दीड तास. दीड तास मी त्या फिरणाऱ्या गोलाकडं बघत होते आणि तिकडं डोंगरावर कोहळा फुटला, लोकांची झुंबड उडाली, पालखी परत निघाली. सही झाली तेव्हा सव्वातीन वाजले होते. डोंगर उतरायला आत्तींना तासभर लागला असं काकी म्हणाल्या.

घरी गेले तर पोरगी म्हणाली, "आई मी कोहळ्याचा तुकडा घेतलो, तू कुठं होतीस?" आमच्यात पोरीपण गेलो-आलोच म्हणतात त्याला आता कोण काय करणार. आत्तींनी तो तुकडा देव्हाऱ्यात ठेवला होता. म्हणाल्या, "अंबाबाईला एवढा कारभार असून रुसलेल्या टेंबलाईची समजूत काढायला वर्षातनं एकदा वेळ मिळतोय बघ." पुढं काही नाही. जेवायला वाढलं त्यांनीच.

आणि मुदतवाढीचं काय झालं ते पण लिहिते, म्हणजे आपल्या लेखिकाबाईंना पुढच्या लेखाला उपयोगी पडेल. 31 ऑक्टोबर केली म्हणजे दिवाळी त्याच्या पोटात. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी ताळेबंद जुळवत होते. मग परत वाढवून 10 नोव्हेंबर केली, ती पण शेवटच्या क्षणी, 29 ऑक्टोबरला. सरकार मुदत वाढवतं तेव्हा पेपरात "करदात्यांना दिलासा" असं छापता तुम्ही. दिलासा कुणाला हो? काम नवरात्रातनं काढून दिवाळीत ठेवलं एवढंच.

कायद्याबद्दल कुणी बोलू नका. त्याच सप्टेंबरात आपल्या मंत्रिमंडळानं कारखान्यात रोजचे 9 चे 12 तास आणि दुकानांत 9 चे 10 तास करायला मंजुरी दिली. मिस्टर म्हणाले, आम्ही तर केव्हापासून बाराच करतोय, आता कायदेशीर होणार. आमच्या ऑफिसात सात माणसं, त्यामुळं असले कायदे आम्हाला लागतच नाहीत. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलायच्या हक्काचं विधेयक सुप्रियाताईंनी 2018 ला आणि परत 2025 च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलं, चांगलं आहे, पण सरकारनं न मांडलेली असली खासगी विधेयकं क्वचितच पास होतात ते आपल्याला माहीतच आहे. आमचे मामंजी शाहू मिलमध्ये होते. भोंगा वाजला की मामंजी सुटले, आणि घरी आल्यावर मुकादम काही न्हाणीघराच्या दारात येऊन उभा राहत नसे, असं आत्ती सांगतात. आमचा ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप न्हाणीघरातही येतो. मामंजी दिवसाला किती तास राबले ते मला माहीत आहे, त्यांचे दिवस सोन्याचे होते असं मी म्हणत नाही, पण भोंगा वाजायचा एवढं मात्र खरं.

लेखिकाबाईंवर राग नाही. फक्त पुढच्या वेळी हा विषय काढाल तेव्हा ज्यांच्या घरात जेवणाचा डबा कुणी दुसरं भरत नाही अशा एखादीला विचारून लिहा. आणि त्या लेखाच्या खालीच अर्धं पान जाहिरात होती, "आम्ही रविवारीही रात्री अकरापर्यंत आपल्या सेवेत". तिथं काउंटरवर उभ्या असणाऱ्या पोरींना लेखाची एक एक प्रत पाठवा.

आणखी एक, लिहायला बसलेच आहे तर. गेले तीन रविवार आपलं शब्दकोडं चुकतंय. आडव्या 14 ला चौकटी पाच आणि उत्तर चार अक्षरी. आत्ती दर रविवारी दुपारी पेन घेऊन बसतात, त्यांना वाटतं आपलीच बुद्धी गेली. काल परत तेच. त्यांच्याबरोबरची टेंबलाई माझी हुकली, निदान त्यांचं कोडं तरी तुमच्यामुळं हुकू नये.

आज 20 तारीख, जीएसटीच्या 3बीचा (दर महिन्याच्या रिटर्नचा) शेवटचा दिवस, त्यामुळं हे पत्र रात्री सव्वाअकराला लिहितेय. मिस्टर भिंतीकडं बघता बघता झोपले.

आपली एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. नाव छापू नका. आमचे सर पेपर आला की आधी हेच पान उघडतात.