मालनमावशीनं हात मागं घेतला

तासगाव,
१४ नोव्हेंबर

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

रोज फोनवर बोलतोय, मग आईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर हा विषय काढला की तू "हो आई, बघतो" म्हणतोस आणि तेवढ्यात मागं छकुली काहीतरी सांडते. शिवाय यातल्या काही गोष्टी मुलाला तोंडानं सांगायच्या म्हटलं की माझी जीभ अजून अडखळते. इतकी वर्षं अंगणवाडी चालवली, गावातल्या लेकीसुनांना नको ते प्रश्न विचारून रजिस्टरं भरली, पण स्वतःच्या घरात बोलायची वेळ आली की पदर तोंडाशी जातो. कागदाला तेवढी लाज नसते.

गुरुवारी वृषालीचं सिझर. छकुलीच्या वेळी ती माहेरी सोलापूरला होती आणि तू शनिवार-रविवार जाऊन बाळ बघून यायचास. त्यामुळं बाळंतीण रात्री दोन वाजता कशी दिसते ते तू बघितलेलंच नाहीस. या खेपेला सगळं तुझ्या घरी. विहीणबाई येताहेत, ते बरंच आहे. तुझ्या अण्णांच्या खुब्याच्या ऑपरेशनला अजून महिना झाला नाही, त्यामुळं मला बारशाशिवाय इथून हलता येत नाही.

तू झालास तेव्हाचं तुला अर्धंच ठाऊक आहे. "आई लई आजारी पडली होती, मिरजेला नेलं होतं," एवढंच आपल्या घरात सांगतात. उरलेलं मी कुणाला सांगितलं नाही.

फेब्रुवारी १९९१. माझी आई आधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच. तालुक्याच्या एका प्रसूतिगृहात तू झालास, मला टाके पडले, तिसऱ्या दिवशी घरी आणलं. पाचवी पुजली. पहिले तीन-चार दिवस तुला पाजायला घेतलं की पोटात कळ यायची. ती सगळ्यांनाच येते, आणि ती थांबलीही होती. सहाव्या दिवशी संध्याकाळी दुखायला लागलं ते निराळं होतं. कळ येऊन जात नव्हती, ओटीपोटात ठाण मांडून बसली होती. हे दुखणं वेगळं आहे हे मला कळत होतं, आणि नेमकी तीच गोष्ट मी कुणाला बोलले नाही.

रात्री हुडहुडी भरली. आजींनी तीन वाकळा घातल्या आणि म्हणाल्या, दुधाचा ताप असतो. आजी वाईट नव्हत्या. त्याच अंधाऱ्या खोलीत त्यांनी आठ बाळंतपणं काढली, त्यातली पोरं पाच राहिली. त्यांच्या लेखी बाळंतिणीचं दुखणं हे दुखण्यात धरायचंच नसतं. सातव्या दिवशी अण्णांनी आजींना विचारलं. आजींनी थोरल्या जाऊबाईंना विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, वारा लागला असेल, शेक द्या, सकाळी बघू. द्राक्षाची तोड ऐन भरात, गावातल्या दोन्ही जीपा त्यातच अडकलेल्या. मला मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी "बरंय" म्हणाले असते, हे आज कबूल करते. अंगावरून जात होतं त्याला घाण वास यायला लागला होता. सासरा आणि दोन दीर असलेल्या घरात ते कुणाला सांगायचं? मी अंगणवाडीची बाई. बायका गोळा करून त्यांना "दुखणं अंगावर काढू नका गं" असं सांगायचा मला पगार मिळायचा.

आठव्या दिवशी सकाळी मालनमावशी मला न्हाऊमाखू घालायला आली. बाजेखाली शेगडी ठेवलेली, तिच्या हातात तेलाची वाटी. तिनं ओटीपोटावर हात ठेवून जरासं दाबलं तशी मी किंचाळले. ती खाली वाकली, वास घेतला आणि हात मागं घेतला. वाटी जमिनीवर ठेवून आजींना म्हणाली, "आक्का, या पोटाला मी त्याल लावणार न्हाई. गाडी बघा." आजी म्हणाल्या, "अगं बाळंतिणीचं दुखायचंच." ती काही न बोलता परड्यात गेली, राखेनं खसाखसा हात धुतले, आणि सोप्यात अण्णांसमोर येऊन उभी राहिली. "दादा, जीप आणा. उद्या आनलीसा तर मला निरोप धाडू नगा."

मालनमावशीला लिहायला-वाचायला येत नव्हतं. भरल्या घरात त्या दोन दिवसांत माझ्या पोटाला हात लावून बघणारी ती पहिली.

अण्णा बागेत पळत गेले. जीपमधले अर्धे भरलेले द्राक्षाचे खोके रस्त्याकडेला उतरवले आणि मला मिरजेला नेलं, तू मावशीच्या मांडीवर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" अण्णा म्हणाले, "कालपासून." त्याच वेळी मी म्हणाले, "परवापासून." बाईंनी आम्हां दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि कागदावर "परवा" लिहिलं. वारेचा तुकडा आत राहिला होता, पिशवीत पू झाला होता. क्युरेटिंग झालं, सलाईनमधून औषधं गेली, नऊ दिवस ठेवलं. मी वाचले. ते परवा-काल मात्र अण्णांच्या मनातून गेलं नाही. मागच्या महिन्यात त्यांचा खुबा मोडला तेव्हा मी "सकाळी बघू" म्हणाले असावे, तर कण्हत असतानाही ओरडले माझ्यावर.

तर आता तुझ्याकडं येते. वृषालीला दुखणार आहेच. पिशवी आकसून जागेवर येत असते, ते काम सहा आठवडे चालतं. सुरुवातीचे तीन-चार दिवस बाळाला पाजताना कळा येतील, आणि दुसऱ्या खेपेला त्या पहिल्यापेक्षा जोरात येतात. आयुर्वेदात त्याला मक्कल म्हणतात. टाक्यांची जागा खोकताना, हसताना, कुशीवर वळताना ओढेल. या सगळ्याची खूण एकच, की आजचं दुखणं कालच्यापेक्षा थोडं का होईना कमी असतं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं दबतं. कमी होता होता पुन्हा वाढलं, किंवा गोळी घेऊनही वाढतच गेलं, की घड्याळाकडं न बघता निघायचं.

ताप १००.४ च्या वर गेला, थंडी वाजली, टाक्यांतून पू आला किंवा अंगावरून जाणाऱ्याला वास आला, तरी तेच. आणि हे तुला तिला विचारावं लागेल. ती आपणहून सांगेल या भरवशावर राहू नकोस. लाजू नकोस, तीही लाजणार नाही, तुमची पिढी बरी आहे. डब्यातली गोळी देऊन ताप उतरला, आता सकाळपर्यंत थांबू, असं तर अजिबात करायचं नाही. गोळी ताप उतरवते, आतला पू तिथंच असतो.

डोकं दुखतं म्हणाली तर बारकाईनं विचार. सिझरला पाठीत इंजेक्शन देतात, त्यानं कधीकधी डोकं दुखतं. बसलं, उभं राहिलं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. तेही डॉक्टरांना कळवायचंच. पण डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकताहेत, उजव्या बरगडीखाली दुखतंय, असं असेल तर बीपी मोजायला घेऊन जा, लगेच. बीपीचा त्रास बाळंतपणाबरोबर संपतो असं सगळे धरून चालतात. तो बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत नव्यानं उपटू शकतो, गरोदरपणात एकदाही बीपी वाढलं नसलं तरी. तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत तर ते चढायचाच कल असतो, आणि नेमकं तेव्हाच घरी आलेलं असतं माणूस. अण्णांचं बीपीचं मशीन तुझ्याकडं पाठवतेय. १४०/९० च्या वर दिसलं तर डॉक्टरांना फोन, १६०/११० असेल तर फोन न करता गाडी.

पाय. हे मालिशवालीलाही सांगून ठेव. एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजली असेल, हाताला गरम लागत असेल, तर तो पाय चोळायचा नाही. शिरेत गाठ झालेली असू शकते आणि ती सुटून छातीत गेली तर जीवावर बेतते. छातीत दुखलं, दम लागला, तर १०८ लाव. आपल्याकडं २०१४ पासून ही गाडी आहे. माझ्या वेळी असती तर द्राक्षाचे खोके रस्त्यावर उतरवावे लागले नसते. रक्ताचंही सांगते, तासाभरात पॅड पूर्ण भिजून दुसरा लावावा लागला, किंवा लिंबाएवढी गाठ पडली, तर थांबायचं नाही. छाती भरून दगडासारखी झाली तर घाबरू नकोस, पाजत राहिलं की उतरतं. लाल होऊन ताप आला तर मात्र तोही तापच धरायचा, लगेच दाखवायचं. 

आणि हे दुखणं नॉर्मल आहे का म्हणून मला फोन करू नकोस. नेमकं हेच सांगायला पत्र लिहायला बसले. तू विचारशील, मी काळजीपोटी काहीतरी बोलेन, विहीणबाई त्यांच्या वेळचं सांगतील, आम्ही दोघी मिळून तुला "सकाळी बघू" वर आणून सोडू. तासगावात बसून माझा हात तिच्या पोटापर्यंत पोचत नाही. आम्हाला प्रशिक्षणात शिकवायचे, बाळंतीण दगावते ती तीन उशिरांनी. जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. मधल्या उशिरासाठी रस्ते झाले, गाड्या आल्या. राज्यात २०१८-२० मध्ये जिवंत जन्मलेल्या लाख बाळांमागं ३३ बाळंतिणी-गरोदर बायका गेल्या, देशाचा आकडा ९७ होता, म्हणजे आपण पुष्कळ सुधारलो. पण पहिला उशीर अजून स्वयंपाकघरातच होतो, आणि त्यात माझ्यासारख्या अनुभवी बायका पुढं असतात.

"काहीतरी वेगळंच होतंय" एवढंच ती म्हणाली तरी ते पुरे आहे. तिला नीट सांगता येत नसेल म्हणून ते खोटं ठरत नाही. दवाखान्यात गेलात आणि डॉक्टर म्हणाले काही नाही, जा घरी, तर रिक्षाचं भाडं गेलं म्हणायचं. कुणी हसलं तर हसू दे.

निघताना कुठं जायचं ते आजच ठरवून ठेव. जिथं सिझर होणार आहे तिथं रात्री डॉक्टर असतात का, रक्ताची सोय आहे का, हे गुरुवारच्या आधी तोंडावर विचार. नसेल तर दुसरं मोठं हॉस्पिटल बघून ठेव. पैशाची अडचण पडली तर सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नकोस, तिथं बाळंतिणीला बेचाळीस दिवसांपर्यंत औषधपाणी, तपासण्या, रक्त, सगळं फुकट असतं. २०११ पासूनची योजना आहे, मी स्वतः कितीजणींना पाठवलंय. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य "डोकं दुखतंय" हे नको. "ही आठ दिवसांची बाळंतीण आहे, सिझर झालंय," हे आधी सांगायचं, आणि नर्स बदलली की नव्या नर्सला पुन्हा सांगायचं. नाहीतर डोकेदुखीची गोळी देऊन बाकावर बसवतील. बाळाला बरोबर घ्या. छकुलीला समोरच्या वहिनींकडं ठेवायचं आधीच बोलून ठेव, रात्री दोनला बेल वाजवली तर त्यांना धक्का बसायला नको.

डिंकाचे लाडू उद्याच्या एसटीनं येताहेत, कंडक्टरकडं दिलेत, स्वारगेटला जाऊन घे. अळीव वेगळ्या पुडीत आहे. बीपीचं मशीन त्याच पिशवीत, खाली, टॉवेलात गुंडाळलंय. सेल नवीन घातलेत, पण आधी स्वतःच्या हातावर दोनदा मोजून बघ म्हणजे ऐनवेळी पट्टा उलटा बांधणार नाहीस.

मालनमावशीची नात गेल्या वर्षी नर्सिंगला लागली, सांगायचं राहिलं होतं.

वृषालीला आणि छकुलीला आशीर्वाद. विहीणबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
आई

ता. क. हे पत्र वृषालीलाही वाचायला दे. मी गप्प बसले तो भाग तिला आधी दाखव. आणि तिची दवाखान्याची फाईल कपाटात ठेवू नकोस, चपलांच्या रॅकवरच्या खिळ्याला अडकव.